घरातली जुनी मोटारसायकल: किंमत किती, मोल किती आणि पुढे काय करायचं

पुण्यात पुष्कळ सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एका कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली एक मोटारसायकल असते. टायर बसलेले, सीटवर धूळ, हँडलला गेल्या दसऱ्याच्या झेंडूचा वाळलेला हार. मग इमारत पुनर्विकासाला जाते, पार्किंग रिकामं करायची नोटीस लागते आणि वर्षानुवर्षं टाळलेला निर्णय आठ दिवसांत घ्यावा लागतो. अशा घाईत दोन चुका होतात. गाडी मिळेल त्या पैशांत भंगारात जाते, किंवा कुणीतरी भावनेच्या भरात बाजारभावापेक्षा जास्त पैसे ओतून ती नवीकोरी करतो आणि महिनाभराने तिच्यावर पुन्हा कापड पडतं.

दोन्ही चुकांचं मूळ एकच. किंमत आणि मोल यांचा हिशेब एकाच वहीत मांडला जातो. दुसरा माणूस आज तुमच्या हातावर ठेवेल ती रक्कम म्हणजे किंमत. ते पैसे हातात आल्यावरही तुम्हाला जे पुन्हा विकत घेता येणार नाही, ते मोल. आधी दोन्ही वेगवेगळे काढायचे आणि मगच समोरासमोर ठेवायचे. ते कसं काढायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण कागद पाहण्याआधी इंजिनावर केलेला खर्च अनेकदा वाया जातो.

सुरुवात कागदांपासून

कागद नसलेली सुंदर गाडी बाजाराच्या लेखी सुट्या भागांचा ढीग असते. कागद पूर्ण असलेली गंजकी गाडी मात्र गाडीच राहते. म्हणून आधी कपाट उघडा. आरसी बुक, जुने विम्याचे कागद, कराची पावती, खरेदीचं बिल, सर्व्हिसची बिलं, दुसरी किल्ली, टूलकिट, कंपनीची पुस्तिका असं जे सापडेल ते एका पाकिटात ठेवा. खरेदीचं मूळ बिल आणि पुस्तिका सापडली, तर शौकीन गिऱ्हाईक त्यांचे वेगळे पैसे मोजतो.

खासगी मोटारसायकलची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी प्रत्यक्ष दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. पंधरा ते वीस वर्षांच्या मोटारसायकलला हे शुल्क १,००० रुपये आहे. वीस वर्षांच्या पुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून ते २,००० रुपये झालं. मुदत उलटून गेली असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपये जास्तीचे लागतात, म्हणजे दहा महिन्यांचे ३,०००. शिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर आहे. गाडीचा नंबर टाकला की परिवहनच्या पोर्टलवर एकूण आकडा दिसतो. तो पाहा, कागदावर लिहा आणि गाडीच्या किमतीतून वजा करायच्या रकमांत त्याला पहिलं स्थान द्या.

पोर्टलवर गाडीच दिसत नसेल तर घाबरू नका. जुन्या हस्तलिखित नोंदवह्यांतल्या अनेक गाड्या संगणकावर चढलेल्याच नाहीत. अशा वेळी मूळ आरसी घेऊन ज्या कार्यालयात नोंद झाली तिथेच जावं लागतं. एमएच १२ असेल तर संगम पुलाजवळचं पुणे आरटीओ, एमएच १४ असेल तर पिंपरी-चिंचवडचं. तिथे ‘बॅकलॉग एन्ट्री’, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून मागा. १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि एमएचची मालिका त्यानंतरची. त्याआधीच्या तीन इंग्रजी अक्षरांच्या नंबरांबाबत हा प्रश्न जास्त येतो. तो जुना नंबर टिकून असणं शौकिनांच्या नजरेत मोठी गोष्ट आहे, त्यामुळे हा हेलपाटा वाया जात नाही. आरसी हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ वर दुसरी प्रत निघते.

गाडी दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर पुढचं काही करण्याआधी ती वारसाच्या नावावर करून घ्या. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं संमतिपत्र लागतं. नियमाप्रमाणे मृत्यूची माहिती तीस दिवसांत आणि अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो, पण बहुतेक घरांत ही मुदत कधीच उलटलेली असते. उशीर झाला म्हणून काम होत नाही असं नाही, कागद वाढतात इतकंच. खरी अडचण संमतिपत्राची. गाडी भंगार होती तोवर कुणाला तिचं काही नव्हतं. यामाहाच्या आरएक्स १०० ला लाखाच्या वर सांगतात हे कळलं की मुंबईच्या काकांनाही तिची आठवण येते. सह्या गाडी दुरुस्त करण्याआधीच घ्याव्यात. २०२१ पासून आरसीवर वारसदाराचं नाव आधीच नोंदवता येतं. आज गाडी ज्याच्या नावावर आहे त्याने हे करून टाकलं तर पुढच्या पिढीचे कागद वाचतील.

चेसीस आणि इंजिनाचे नंबर

आरसीवरचे दोन्ही नंबर प्रत्यक्ष गाडीवर वाचा. चेसीसचा म्हणजे सांगाड्याचा नंबर बहुतेक मोटारसायकलींत हँडलखालच्या गळ्यावर कोरलेला असतो, इंजिनाचा केसिंगवर. घासकागद लावू नका. केरोसिनचा बोळा आणि जुना टूथब्रश पुरे. मग पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी फिरवा, आरटीओत घेतात तसा ठसा उमटेल. अक्षरांची उंची आणि खोली सारखी आहे का ते पाहा. भोवतीचा पत्रा घासल्यासारखा गुळगुळीत आहे का, एखादा आकडा दोनदा ठोकल्यासारखा दिसतो का, तेही तपासा.

आरएक्स १०० बाबत ही तपासणी फार गरजेची आहे. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ती बनली आणि मागणी प्रचंड. त्यामुळे नंतरच्या आरएक्स १३५ वर किंवा तिच्या भावंडांवर जुनी टाकी आणि बाजूची पॅनेलं चढवून ती १०० म्हणून विकली जाते. खऱ्या १०० च्या नंबराची सुरुवात ‘१एल१’ अशी असते. बुलेटमध्ये इंजिन बदललेलं पुष्कळदा आढळतं. बदल आरसीवर नोंदलेला असेल तर गुन्हा नाही, पण किंमत उतरते. नोंदलेला नसेल तर नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी अडकते.

बंद गाडीला पहिल्याच दिवशी किक मारू नका

चार-पाच वर्षं उभ्या गाडीला उत्साहाने किक मारली की सिलिंडरमध्ये चिकटलेल्या रिंगा भिंतीवर ओरखडे पाडतात. पाचशे रुपयांत झालं असतं ते काम बोअर-पिस्टनवर, म्हणजे सिलिंडर कातून नवा पिस्टन बसवण्यावर जातं. त्याऐवजी असं करा.

१. प्लग काढा. भोकातून इंजेक्शनच्या सिरिंजने दहा मिलिलिटर टू-टी (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) किंवा इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा.

२. दुसऱ्या दिवशी गाडी मधल्या स्टँडवर घ्या, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळू मागेपुढे करा. पिस्टन हलला की थांबा, पुन्हा थोडं तेल सोडा. हललाच नाही तर डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून दोन-तीन दिवस मुरू द्या. हातोडा नको.

३. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. त्याला वार्निशसारखा वास येत असेल तर कार्बोरेटरही तसाच भरलेला असणार. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. जुने रबरी पाइप आणि कॉकमधले वॉशर त्याने फुगतात, म्हणून ते न बघता बदला.

४. टाकीत गंज असेल तर पांढरं व्हिनेगर काठोकाठ भरून एक ते दोन दिवस ठेवा. ते ओतून काढा, खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा, साध्या पाण्याने धुवा, उन्हात कडक वाळवा आणि लगेच पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल घालून आतून फिरवा. हा शेवटचा हात राहिला तर संध्याकाळपर्यंत नवा गंज धरतो. रंगावर व्हिनेगर ओघळू देऊ नका. टाकीचा मूळ रंग पुढे किमतीत धरायचा आहे.

५. कार्बोरेटरचे जेट क्लीनर आणि हवेनेच साफ करा. तार घातली की भोक मोठं होतं आणि मग गाडी कधीच नीट ट्यून होत नाही.

६. इंजिन ऑइल, गिअर ऑइल बदला. काढलेलं तेल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. अशा वेळी बेअरिंगही तपासायला हवीत.

७. ब्रेकचे हब उघडा, केबलींना तेल द्या. टायरच्या बाजूला डीओटीपुढे चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा-सात वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी चालवण्याचा नाही.

मग प्लग केसिंगला टेकवून ठिणगी पाहा. जुन्या बुलेटमध्ये ठिणगी नसेल तर निम्म्या वेळा दोष पॉइंटांचा, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांचा असतो. ते बारीक घासून फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा.

येझदी-जावा आणि राजदूतला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. पंचवीसला एक म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर, आणि बोअर नवा असेल तर वीसला एक, म्हणजे ५० मिलिलिटर. आरएक्स १०० ला तेलाची वेगळी टाकी आणि पंप असतो. पण बऱ्याच गाड्यांचा पंप कुणीतरी कधीतरी बंद करून ठेवलेला असतो. तो चालतो की नाही हे कळेपर्यंत पेट्रोलमध्येही तेल घाला. धूर जास्त झाला तरी चालेल, इंजिन जाम झालं तर चालणार नाही.

गाडी सुरू झाल्यावर दहा मिनिटं तिच्याजवळ उभे राहा. टू-स्ट्रोकमध्ये गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि बाहेर कुठे गळती नसताना गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलंय. अॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन वरच ओरडत राहत असेल तर मॅग्नेटच्या बाजूचं सील हवा ओढतंय. या दुसऱ्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नका. मिश्रण पातळ होऊन पिस्टन जळतो. आरएक्ससारख्या इंजिनात कॉम्प्रेशन गेज लावून, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून पाच-सहा किका मारल्यावर साधारण १२० पीएसआयच्या आसपास दाब यायला हवा. ९० च्या खाली असेल तर बोअर करायला घ्यावं लागेल. बोअर पाव-पाव मिलिमीटरने वाढवतात, एक मिलिमीटरपर्यंत. हेड उघडलं तर पिस्टनच्या माथ्यावरचा आकडा वाचा. ०.२५ म्हणजे सिलिंडरला आयुष्य शिल्लक आहे. १.०० म्हणजे पुढच्या वेळी स्लीव्ह बसवावी लागेल किंवा दुसरा सिलिंडर शोधावा लागेल. विकत घेणारा जाणकार हा आकडा विचारतोच.

किंमत: तीन आकडे काढा

पहिला आकडा भंगाराचा. वजन गुणिले त्या दिवशीचा भाव. आरएक्स १०० जेमतेम शंभर किलोची, जुनी बुलेट एकशेसाठच्या पुढे. हा आकडा तळ समजा. याच्या खाली कुणी मागितली तर बोलणंच थांबवा.

दुसरा, आज आहे त्या स्थितीतला. तिसरा, कागद पूर्ण आणि गाडी व्यवस्थित चालू असताना येणारा. हे दोन्ही जाहिरातींवरून काढतात, पण जाहिरातीतला आकडा विकणाऱ्याची इच्छा असते. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या आणि जवळपासच्या सालाच्या निदान दहा जाहिराती वहीत उतरवा आणि तीन आठवडे त्यांच्यावर नजर ठेवा. लवकर गायब झालेल्या गाड्यांचे आकडे खरे. महिनाभर पडून राहिलेल्यांचे फुगलेले. सगळ्यात वरचे दोन आणि खालचे दोन खोडा, उरलेल्यांची सरासरी काढा आणि त्यातून घासाघिशीचे पंधरा टक्के कमी करा. ‘एका माणसाने तीन लाखांना विकली’ या ऐकीव गोष्टीला वहीत जागा देऊ नका.

मॉडेलने आकडा किती बदलतो ते थोडक्यात. एस्कॉर्ट्सची राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी ३५०, ऐंशीच्या दशकात थोडीच वर्षं बनली. तेव्हा पेट्रोल पिते म्हणून लोकांनी नाकारली आणि आज तिचे आकडे लाखांत बोलले जातात. म्हैसूरच्या आयडियल जावाने साठच्या दशकात बनवलेल्या जावा, त्यानंतरच्या येझदी रोडकिंग, कास्ट आयर्न इंजिनाची आणि उजव्या पायाच्या गिअरची बुलेट, आरएक्स १०० यांना कायम गिऱ्हाईक असतं. साधी राजदूत १७५ मधल्या पायरीवर. हिरो होंडा सीडी १०० किंवा पहिल्या स्प्लेंडर लाखोंनी विकल्या गेल्या, त्यामुळे रोख किंमत कमी. पण घरात मोल सगळ्यात जास्त अनेकदा यांचंच असतं, कारण संसार यांच्यावर झाला. कावासाकी बजाज केबी १०० ची गंमत वेगळी. इतरत्र फार मोठी किंमत नाही, पण आकुर्डीच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या कुटुंबांमुळे पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये तिला ओळखणारं, मागणारं माणूस भेटतं. ती इथेच विका.

वजाबाकी करताना मूळ भागांकडे बघा. सगळ्यात आधी टाकी, मग मीटर, हेडलाइटचा घुमट, कार्बोरेटर, सायलेन्सर, बाजूची पॅनेलं. इंजिनाचे आतले भाग घडवून घेता येतात. मूळ टाकी आणि कंपनीचं मीटर मिळणं फार अवघड. फटाके वाजणारा सायलेन्सर लावला असेल तर तो पोलिसांनाही खटकतो आणि गिऱ्हाइकालाही. मूळ सायलेन्सर माळ्यावर असेल तर तोच बसवा.

जुन्या नावांच्या नव्या गाड्या आल्या, जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये. त्यांचे भाग जुन्या गाडीला बसत नाहीत. दुकानात नुसतं ‘येझदीचं’ म्हणून मागू नका, साल आणि मॉडेल सांगा.

मोल: गाडीच्या नेमक्या कोणत्या भागात आहे?

हा भाग घाईने उरकू नका. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, ‘ही गाडी म्हटलं की तुला काय दिसतं?’ उत्तरं आश्चर्य वाटेल इतकी नेमकी येतात. कुणाला टाकीवरचा पोचा, कारण शाळेत जाताना पुढे बसून तोच हाताला लागायचा. आईला मागचं साडी गार्ड आणि आडवी फूटरेस्ट. कुणाला हेडलाइटवर पेंटरने हाताने काढलेला ‘श्री’. कुणाला किक मारल्यावर येणारा आवाज, कुणाला फक्त किल्लीच्या जुडग्यातला बिल्ला.

या उत्तरांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा: हे गाडीपासून सुटं होतं का? बिल्ला, नंबरप्लेट, साडी गार्ड सुटं होतं. पोचा टाकीबरोबर जातो. आवाज ध्वनिमुद्रणात राहतो, पण अर्धाच. यादीतलं बहुतेक सुटं होत असेल तर गाडी विकूनही मोलाचा मोठा वाटा घरात राहील. बहुतेक गोष्टी गाडी चालण्याशी बांधलेल्या असतील, म्हणजे तिच्यावर बसून सिंहगडाच्या पायथ्याशी जाणं, कात्रजचा चढ तिसऱ्या गिअरवर काढणं, तर ती विकू नये आणि नुसती उभीही ठेवू नये.

एक गोष्ट आजच करा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी. ती बसवताना जुनी, रंगाऱ्याने देवनागरी आकड्यांत रंगवलेली प्लेट उतरते आणि बहुतेक वेळा तिथेच राहते. ती मागून घ्या.

चालू करणं आणि चमकवणं

आता दोन्ही हिशेब समोरासमोर. समजा, आहे त्या स्थितीत गाडीचे ३५,००० येतात. कागद, टायर, सील, बॅटरी, केबली आणि कार्बोरेटर मिळून १८,००० खर्च करून ती चालू केली तर ६५,००० ला जाईल. म्हणजे खर्च वजा जाऊन हाती ४७,०००. चालू करण्याने बारा हजारांचा फायदा झाला. त्याऐवजी पूर्ण उघडून रंग, क्रोम, पावडर कोटिंग, नवी सीट असं सगळं करून ७०,००० घातले आणि गाडी ९०,००० ला गेली, तर हाती २०,०००. आहे तशी विकण्यापेक्षाही पंधरा हजारांनी कमी. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे आकडे घालून पाहा. चालू करणं बहुधा फायद्याचं ठरतं आणि चमकवणं बहुधा तोट्याचं.

तोटा आहे म्हणून चमकवूच नये असं नाही. वरच्या हिशेबातले पंधरा हजार ही तुमच्या हौसेची, मोलाची रोख किंमत. ती खुशीने द्यायची तयारी असेल तर जरूर द्या. फक्त ‘पुढे पैसे वसूल होतील’ असं स्वतःला सांगून देऊ नका.

काम काढायचंच ठरलं तर काही पथ्यं. गाडी उघडण्यापूर्वी चारही बाजूंनी आणि वायरिंगचे जवळून मिळून निदान साठ-सत्तर फोटो काढा. रंग देण्याआधी मडगार्डच्या आत किंवा सीटखाली मूळ रंग शोधा, तिथे ऊन लागत नाही. मूळ रंग सत्तर टक्के शाबूत असेल तर पूर्ण रंग देऊच नका, पॉलिशवर थांबा. मूळ रंगाची, थोडी झिजलेली गाडी शौकीन माणूस नव्या रंगाच्या गाडीपेक्षा चढ्या भावात घेतो, कारण रंग कधीही देता येतो, मूळ रंग परत आणता येत नाही. आणि यादीतला तो टाकीवरचा पोचा काढायचा नसेल तर डेंटिंगवाल्याला तोंडी सांगू नका, पोच्यावर टेप लावून ‘हात लावू नये’ असं लिहा. तोंडी सांगितलेलं कामाच्या गर्दीत विसरतं आणि पोचा ‘फुकटात’ काढून मिळतो.

भागांसाठी नाना पेठेतली दुकानं. जुना भाग नमुन्याला सोबत न्या. वॉशर, सील, केबल, क्लच प्लेट, पॉइंट असं बहुतेक मिळतं. मीटर, हेडलाइटची रिंग, जुनी कुलपं यांसाठी बुधवारी किंवा रविवारी सकाळी जुना बाजार. तिथे भाग घेताना तो पूर्ण आहे का पाहा आणि इंजिन किंवा चेसीसचा नंबर असलेला कुठलाही तुकडा घेऊ नका. तो कुणाच्या तरी चोरीच्या गाडीचा असू शकतो. काढलेले सगळे जुने भाग मेकॅनिककडून पोत्यात भरून घरी आणा, खराब असले तरी.

ठेवायची असेल तर

वर्षाला तृतीयपक्ष विमा हवाच. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला मूळ हप्ता ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६, वर कर. पण यात चोरी येत नाही. पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा-रक्कम ठरलेल्या घसाऱ्याच्या तक्त्याने नाही, कंपनी आणि मालक यांच्या समजुतीने ठरते. म्हणून फोटो आणि बिलं घेऊन पूर्ण विम्यासाठी बोलून पाहा. नाही जमलं तर चाकाला जाड साखळी आणि वायरिंगमध्ये एक छुपा स्विच लावा. आरएक्सची झिजलेली कुलपं कुठल्याही किल्लीने उघडतात.

पीयूसीला टू-स्ट्रोक नापास होईल ही भीती बहुतेकदा अनाठायी असते. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम अशी सैल मर्यादा आहे. प्लग साफ असेल, हवेचा फिल्टर मोकळा असेल आणि गाडी गरम करून नेली तर ती पास होते.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ नोंदणी होते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षं. मात्र त्यानंतर ती प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी डेक्कनला चहाला जायची गाडी असेल तर हा रस्ता धरू नका, साधं पाच वर्षांचं नूतनीकरण बरं.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर जूनआधी कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. टाकी एकतर काठोकाठ भरा, नाहीतर पूर्ण कोरडी करा. अर्धी टाकी सगळ्यात लवकर गंजते. प्लास्टिकचं आवरण नको, आत घाम धरतो. सुती चादर बरी. महिन्यातून दोनदा नुसतं सुरू करून बंद करण्याने उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. काढायची तर निदान आठ-दहा किलोमीटर फिरवा.

द्यायची असेल तर

भंगारात द्यायची झाली तर नोंदणीकृत केंद्रातच द्या आणि प्रमाणपत्र घेऊन आरटीओत नोंदणी रद्द करा. हातगाडीवाल्याला दिलेली गाडी कागदावर तुमच्याच नावाने फिरत राहते.

विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती, गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती. पैसे बँकेतून. ‘नावावर नंतर करून घेतो’ हे मान्य करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. गाडी पाहायला येणाऱ्याला इंजिन थंड असताना बोलवा. आधीच गरम करून ठेवलेल्या गाडीवर जाणकार संशय घेतो. दोष स्वतःहून सांगा, त्याने घासाघीस कमी होते. चक्कर मारायला देताना त्याची गाडी, किल्ली आणि मूळ परवाना तुमच्याकडे ठेवा.

दोन गिऱ्हाइकांचे आकडे जवळपास असतील तर कमी देणारा पण गाडी चालवणार असणारा निवडावा, असं आमचं मत. भाग सुटे करून विकणारा पाच-सात हजार जास्त देतो. ते सोडायचे की नाही हे वर काढलेल्या मोलाच्या यादीवरून ठरवा.

सोपवण्याच्या आदल्या दिवशी बिल्ला, जुनी नंबरप्लेट, सुटं होणारं जे ठेवायचं ते काढून घ्या. विकत घेणाऱ्याला ते आधी सांगितलेलं असू द्या. टूलकिट, पुस्तिका आणि जुन्या भागांचं पोतं मात्र गाडीबरोबर द्या. आणि वहीचं एक पान लिहून किल्लीसोबत ठेवा: थंड असताना चोक ओढून, स्विच बंद ठेवून दोन किका, मग स्विच लावून तिसरी. गरम असताना चोक अजिबात नको. रिझर्व्ह लागल्यावर साधारण किती किलोमीटर जाते. दुसरा गिअर सुटतो म्हणून पाय जरा जास्त दाबावा लागतो. डावीकडचा इंडिकेटर टपलीने लागतो. एवढं त्या गाडीबद्दल तुमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नाही.